खुर्च्या गोल मांडणारं केंद्र

हे मी कोणाला सांगायचं नव्हतं. "ऑफिसचं बोलणं घराबाहेर जाता कामा नये," असं बाबांनी बजावलं आहे. पण आमच्या घरात ऑफिसचं बोलणं इतकं होतं, की डब्यात पीठ दाबून दाबून भरावं तसे किस्से साठत जातात आणि एक दिवस झाकणच बसत नाही. तुम्ही वर्गातल्या मैत्रिणी आहात म्हणून सांगते. तोंडाने मला जमत नाही हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून लिहून सांगते.

आधी थोडी माहिती. बाबा शेतीखात्याच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवतात. गावोगावचे ग्रामसेवक दर पंधरा दिवसांनी तिथे येतात, पिकाबद्दल नवं काही शिकतात आणि ठरलेल्या वारी आपापल्या गावात जाऊन शेतकऱ्यांना सांगतात. या कामासाठी परदेशातल्या एका मोठ्या बँकेने सरकारला कर्ज दिलं आहे. नुसत्या इमारती बांधून देश पुढे जात नाही, माणसं तयार झाली पाहिजेत, संस्था उभ्या राहिल्या पाहिजेत, असं त्या बँकेचं म्हणणं. म्हणून कर्जाबरोबर त्यांनी एक तज्ज्ञही पाठवला. हॅरिस साहेब.

केंद्राला मंजुरी मार्चपर्यंतच होती. पुढे चालवायचं की नाही, ते बँकेची माणसं येऊन पाहणार आणि मग ठरणार. बंद झालं तर बाबांची बदली सिरोंच्याला. म्हणजे दहावीच्या तोंडावर माझी शाळा सुटणार. हे मी तुमच्यापैकी एकीलाही बोलले नव्हते.

माझं अक्षर चांगलं आहे म्हणून केंद्रातले तक्ते मीच लिहिते. त्यामुळे बरंच काही समोरच घडलेलं आहे.

*

हॅरिस साहेबांनी आल्या आल्या वर्गातली बाकं बाहेर काढायला लावली. "शिकवणारा पुढे आणि ऐकणारे मागे, हे बंद. खुर्च्या गोल मांडा. गोलात कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही!"

लकडगंजाच्या लाकूडबाजारातून नव्या खुर्च्या आल्या. शिपाई नामदेव काकांनी त्या गोल मांडल्या. ग्रामसेवक आले आणि दाराशीच उभे राहिले. कोणी बसेना. आधी कोणी बसायचं, हेच कळेना.

नामदेव काकांनी आत जाऊन एका खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाकला. सरकारी ऑफिसात टॉवेलवाली खुर्ची साहेबाची असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. झालं! ज्याची जितकी नोकरी जास्त, तितका तो टॉवेलच्या जवळ, असे सगळे दोन मिनिटांत बसले.

हॅरिस साहेब चिडले. टॉवेल काढा म्हणाले. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तर सगळ्या खुर्च्यांवर टॉवेल!

"आता सारेच साहेब," नामदेव काका ग्रामसेवकांना म्हणत होते, "आता तं बसा ना गा!"

*

प्रत्येक वर्गानंतर एक फॉर्म भरायचा असे. शिक्षकाचं काय आवडलं नाही ते लिहा. नाव लिहू नका, म्हणजे मनातलं मोकळेपणाने लिहिता येईल. कल्पना चांगली होती.

पहिल्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक फॉर्मवर "साहेबांनी फार छान शिकविले" असं लिहिलेलं, आणि खाली सही, हुद्दा, मुक्काम, पोस्ट, तालुका.

हॅरिस साहेबांनी बाबांकरवी पुन्हा समजावलं. पुढच्या खेपेला खरंच एकाही फॉर्मवर नाव नव्हतं. साहेब खूश! तेवढ्यात आवक-जावक बघणारे देशकर बाबू आत आले. टेबलावर बिनसहीचा कागद आलेला त्यांना खपत नाही. त्यांनी दाराशी उभं राहून प्रत्येकाकडून फॉर्म घेतला होता, त्यावर आवक क्रमांक टाकला होता आणि कोणता क्रमांक कोणाचा ते रजिस्टरात चढवलं होतं.

"साहेब," ते बाबांना म्हणाले, "सात नंबरवाल्याने तुमच्याविरुद्ध लिहिलं आहे. नाव पाहिजे काय?"

बाबा म्हणतात, मी नको म्हणालो. आई म्हणते, त्यांनी पाहिलं असणार.

*

बँकेच्या नियमाप्रमाणे परदेशी तज्ज्ञाला इथला एक जोडीदार द्यावा लागतो. तज्ज्ञाने आपलं ज्ञान त्याला द्यायचं, म्हणजे तज्ज्ञ गेल्यावर काम अडत नाही. हॅरिस साहेबांचे जोडीदार बाबा.

मे महिन्यात साहेबांना ऊन लागलं. बाबांनी त्यांना डोक्याला दुपट्टा कसा गुंडाळायचा ते शिकवलं आणि खिशात कांदा ठेवायला दिला. मग रिक्षावाल्याशी बोलायला शिकवलं. मग संत्र्याच्या ढिगातली वरची चार फळं पाहून फसायचं नाही, खाली हात घालायचा, हे शिकवलं. जूनपर्यंत साहेब आमच्या ओट्यावर मांडी घालून, बोटांनी वरण-भात कालवून जेवायला लागले. आईला म्हणाले, "बाई, मीठ!"

त्याच महिन्यात त्यांचा अहवाल गेला. त्यात होतं, "जोडीदाराबरोबर कौशल्यांची देवाणघेवाण समाधानकारक."

बाबांनी ते नामदेव काकांना मराठीत सांगितलं. काका म्हणाले, "बरोबर आहे. साहेब पुरे शिकले!"

*

परदेशात जाऊन शिकून यायची एक जागा केंद्राला मिळाली होती. तीन महिने. परत येऊन इतरांना शिकवायचं. बाबांचं नाव पाठवलं होतं, पण गेले केंद्राचे प्रमुख. नोकरीचे त्यांचे शेवटचे चार महिने उरले होते.

परत आले, आणि महिन्याभराने निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी तिकडच्या शेतीवर तासभर भाषण दिलं. फार चांगलं होतं म्हणे. आता ते हुडकेश्वरच्या बाजूला प्लॉट घेऊन बागेत भेंडी लावतात.

नामदेव काका तिकडे जाऊन आले. "भेंडी मात्र एक नंबर आहे गा," त्यांनी सांगितलं.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पण प्रमुखांनी काकांबरोबर भेंडी पाठवली होती ती आईने दुसऱ्या दिवशी केली, तेव्हा दोनदा वाढून घेतली.

*

बँकेची पाहणी आठ दिवसांवर आली, तेव्हा घरी तालीम सुरू झाली. बाबा पलंगावर बसून उत्तरं देणार आणि आई पोळ्या लाटता लाटता बँकेची मॅडम होणार. किती ग्रामसेवक, किती वर्ग, किती गावं, सगळं बाबांना तोंडपाठ.

मग आईने बाबांनी लिहून दिलेल्या कागदावर नसलेला प्रश्न विचारला. "तुमच्या शिकवण्याने कोणाचं काय भलं झालं?"

तव्यावरची पोळी करपायला लागली.

"हा प्रश्न ते विचारत नाहीत," बाबा म्हणाले.

"नाही विचारला तर बरंच आहे," आई म्हणाली. मी पाठमोरी बसून नकाशावर सिरोंचा कुठे आहे ते पाहत होते. अगदी खालच्या टोकाला आहे.

*

पाहणीला खरंच एक मॅडम आल्या. केंद्र पाहून झाल्यावर म्हणाल्या, आता गाव दाखवा. हुडकेश्वरच्या पलीकडचं एक गाव ठरलं. रविवार होता. तक्ते धरायला म्हणून बाबांनी मलाही जीपमध्ये घेतलं.

त्या गावाचे ग्रामसेवक मेश्राम काका. त्यांनी बिचाऱ्यांनी सदाशिव नावाच्या शेतकऱ्याला सगळी उत्तरं पढवून ठेवली होती. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला. सदाशिव भाऊंनी टोपी काढली आणि घराकडे वळून हाक मारली, "पार्बते! ये वं, तुले विचारून राहिले!"

शेत पार्बताबाईच पाहतात. रजिस्टरात नाव फक्त नवऱ्याचं. त्या हात पुसत आल्या आणि मेश्राम काकांचा चेहरा पडला, कारण पार्बताबाईंना कोणी काहीच पढवलं नव्हतं.

मॅडम इंग्रजीत विचारायच्या, बाबा मराठीत सांगायचे, उत्तर परत इंग्रजीत.

"हे ग्रामसेवक येतात का?"

"येते ना. एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी. चुकत नाही."

"त्यांनी काय शिकवलं?"

"पहिल्या साली याले काईच येत नव्हतं," पार्बताबाई म्हणाल्या. "कागद वाचून दाखवे अन् सायकलवर बसून पळे. म्या विचारलं, कापसाच्या पऱ्हाटीची पानं लाल काहून होऊन राहिली, तं म्हणे, हे या पंधरवड्याच्या कागदात नाही!"

मेश्राम काका आपल्या चपलांकडे पाहत होते. बाबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. ते दुसरंच काही सांगू शकले असते, मॅडमना काय कळणार होतं? पण त्यांनी सगळं सांगितलं. कागदाचं आणि सायकलचंसुद्धा.

"आणि आता?"

"आता म्हणते, बाई, मले माहीत नाही, केंद्रात विचारून येतो. अन् विचारून येते. आधीचा कोणताच साहेब 'माहीत नाही' म्हणत नव्हता."

"त्यांनी आणलेलं उत्तर बरोबर असतं?"

"कधी असते. नसलं तं माह्यापासून शिकून जाते, अन् केंद्रातल्या साहेबाइले जाऊन सांगते."

मॅडम भराभर लिहीत होत्या. मग त्यांनी वही मिटली आणि सरळच विचारलं, हे केंद्र मार्चनंतर चालू ठेवावं की बंद करावं?

बाबांनी घसा साफ केला. आणि तो प्रश्न, जसाच्या तसा, मराठीत विचारला. माझ्या हातातल्या तक्त्यांची गुंडाळी मधोमध चेपली होती.

पार्बताबाईंनी मॅडमकडे नाही, बाबांकडेच रागाने पाहिलं.

"बंद? आता कुठं याले येऊन राहिलं, अन् आता बंद करता? तीन सालं म्या काय फुकट शिकवलं याले?"

बाबांनी हेही शब्दाला शब्द सांगितलं. मॅडमनी वही पुन्हा उघडली.

"'मी' म्हणाल्या का त्या? 'मी शिकवलं'?"

"हो," बाबा म्हणाले. "'मी' म्हणाल्या."

महिन्याभराने बँकेचं पत्र आलं. बाबांनी ते उभ्याउभ्याच आईला वाचून दाखवलं. केंद्र आणखी तीन वर्षं चालू ठेवावं, असं पहिल्याच ओळीत होतं, आणि दुसऱ्या ओळीत एक अट होती, की पुढच्या वर्गापासून केंद्रात शिकवायला पार्बताबाईंना बोलवा—

"अगं ए, नळ आला! बादली लाव आधी!" आई मला हाक मारते आहे. उरलेलं उद्या लिहिते.