मनीषाचे वीस झोके

फिजिक्सच्या लॅबमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. धूळ आणि किस्से. धूळ मी रोज सकाळी पुसतो. किस्से पुसायचा अधिकार लॅब असिस्टंटला नाही! जुन्नरच्या आमच्या कॉलेजात मला सव्वीस वर्षं झाली. पोरं मला डुंबरेकाका म्हणतात, आणि चहाला बसलं की "काका, एखादा सांगा ना" सुरू होतं. मग मीही काय, सांगत सुटतो.

पण मनीषाचे किस्से सांगताना अजून माझा चहा गार होतो. घाटघरची पोरगी. बी.एस्सी.चं सगळं सुटलं, एकच राहिलं, पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्सचं प्रॅक्टिकल. त्यात दोनदा नापास! तिसऱ्यांदा बसली तेव्हा विद्यापीठाची मुदत संपत आलेली, म्हणजे ही शेवटची खेप. यात गेली तर डिग्री गेली, पुढचं बी.एड. गेलं. ज्या आश्रमशाळेत ती शिकली तिथं विज्ञानाची बाई व्हायचं तिच्या मनात होतं, तेही गेलं.

डोकं तल्लख, कष्टाला मागं नाही. अडचण एकच. परीक्षक शेजारी येऊन उभा राहिला, की तिचा उजवा हात थरथरायचा.

*

पहिल्या खेपेला तिला स्क्रू गेज आला. बारीक तारेची जाडी मोजायची. तार फटीत धरायची, मागची घुंडी हळूहळू फिरवायची, टिक-टिक वाजलं की थांबायचं. त्यात अवघड काही नाही.

मनीषा झकास मोजत होती. तेवढ्यात परीक्षक आले आणि तिच्या खांद्याशी वाकले. झालं! हात थरथरला, घुंडी फिरत राहिली, टिक-टिक-टिक-टिक थांबेचना.

परीक्षक म्हणाले, "अहो, तार मोजताय की पोस्टात बसून तार करताय?"

आख्खी बॅच हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू! मनीषानं स्क्रू गेज डबीत ठेवला, झाकण नीट लावलं आणि पेपर अर्धा टाकून बाहेर पडली. मी मागं धावलो, गेटपाशी गाठली. म्हटलं, "अगं, चेष्टा केली त्यांनी. चल माघारी."

ती म्हणाली, "काका, तुमीपण हसला."

*

दुसऱ्या खेपेला आलं फ्लायव्हील. भिंतीत बसवलेलं जड लोखंडी चाक. त्याच्या आसाच्या खुंटीला दोरीचा फास नुसता अडकवायचा, दोरी गुंडाळायची, टोकाला वजन टांगायचं आणि सोडायचं. वजन खाली टेकलं की फास आपसूक निसटतो आणि चाक एकटंच फिरत राहतं. निसटला पाहिजे, हे महत्त्वाचं.

परीक्षक तिच्याकडं निघाले तसं माझं लक्ष तिच्या हाताकडं. हात थरथरत होता, फास खुंटीवर राहत नव्हता. मग पोरीनं काय करावं? वासराच्या दाव्याला मारतात तशी करकचून गाठच मारली!

वजन सुटलं. खाली आलं. दोरी निसटायचं नाव घेईना. चाक तर थांबणार नव्हतंच, त्यानं दोरी उलटी गुंडाळायला घेतली आणि एक किलोचं वजन निघालं परत वर! आसावर खाडकन आपटलं, पुन्हा खाली, पुन्हा वर. परीक्षक उडी मारून स्टुलावर! मी धावत जाऊन चाकाला गोणपाट लावलं तेव्हा कुठं ते थांबलं.

मी ओरडलो, "मनीषा, अगं, ती गाठ सुटायला पाहिजे होती!"

ती रडकुंडीला आली होती, पण म्हणाली, "काका, सुटली तर गाठ कसली?"

निकाल काय लागला ते सांगायला नको.

*

तिसऱ्या खेपेच्या तयारीला ती एफ.वाय.च्या नव्या पोरांबरोबर सरावाला बसायला लागली. सगळे तिला मनीषाताई म्हणायचे. त्यांत एक निखिल होता. बाजारपेठेत त्यांचं चार पिढ्यांचं किराणा दुकान, मूळचे राजस्थानकडचे जैन, पण हा आपल्यापेक्षा फर्डं मराठी बोलायचा.

एका दुपारी मनीषा स्प्रिंगचा प्रयोग करत होती. पन्नास-पन्नास ग्रॅमची वजनं वाढवत जायची, स्प्रिंग किती ताणते ते लिहायचं, ग्राफवर सरळ रेघ येते. तिची रेघ दर वेळी चौथ्या वजनाला वाकडी! तीनदा केलं, तीनदा तेच. शेवटी तिनं पेन्सिल फेकली.

"काका, माझा हातच खोटा. तुमी कशाला माझ्यापायी वेळ घालवता?"

मला तिचा राग आला. खरं सांगतो, असा राग आला की दोन शब्द तोंडाशी आले होते. तेवढ्यात निखिल उठला. त्यानं एका हातात तिसरं वजन घेतलं, दुसऱ्या हातात चौथं, आणि डोळे मिटून उभा राहिला.

"काका, हे काय पन्नास नाय राव."

म्हटलं, "तुझा हात काय तराजू आहे का?"

"दुकानात तेच करतो ना!"

मी तावातावानं तराजू काढला. चौथं वजन भरलं शेहेचाळीस! कडेचा टवका कधी उडाला होता कोण जाणे. आणि लॅबमधली वजनं तपासायचं काम कुणाचं? माझं.

निखिल वळून म्हणाला, "ताई, तुमचा हात खरा. काकांचं वजन खोटं!"

*

मेहेर मॅडम आमच्या फिजिक्सच्या. बाई बोलायला गोड, पण पोरं त्यांना टरकून असतात. त्यांना संशय होता की ही बॅच लंबकाचा प्रयोग न करताच जर्नलमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या 'जी'ची किंमत ९.८ ठोकून देते. उत्तर आधीच पाठ, मग गोळा हलवायचा कशाला!

एक दिवस त्यांनी लंबकाचे सगळे गोळे माझ्याकडून कपाटात लपवून घेतले. चावी पर्समध्ये. दुपारी प्रॅक्टिकल झालं. संध्याकाळी जर्नलं जमा झाली तर सात जणांचं ९.८ आलेलं! कळंबच्या एका पठ्ठ्यानं तर झोक्यांची संख्यासुद्धा दशांशात लिहिलेली.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मुलांनो, काय टांगलं होतं दोरीला?"

मनीषाच्या पानावर एकच ओळ होती, 'गोळा मिळाला नाही, प्रयोग झाला नाही.' मॅडमनी ते पान सगळ्यांना दाखवलं. मला बरं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली. ही पोरगी परीक्षेत हात थरथरला तर आकडा दडपून लिहिणार नाही. आहे तो लिहील आणि जाईल.

*

मग आम्ही तिच्या भीतीच्या मागं लागलो. मी माझा लग्नातला कोट घालून, हात मागं बांधून तिच्या शेजारी उभा राहिलो. निखिल म्हणाला, "काका, तुमी परीक्षक नाय, उधारी मागायला आलेलं गिऱ्हाईक वाटता." मनीषा खो-खो हसली. हात ढिम्म हलला नाही.

म्हटलं, परका माणूस पाहिजे. स्टँडवर जाऊन घाटघरच्या यष्टीचा ड्रायव्हरच धरून आणला. खाकी कपडे, भरदार मिशा. तो मनीषाच्या डोक्यावर उभा राहिला आणि विचारलं, "पोरी, हे काय मोजतीस?" तिनं त्याला सगळं मेकॅनिक्स समजावून दिलं. यष्टी दहा मिनिटं लेट सुटली, पण हात नाही थरथरला!

मी खूश. म्हटलं, "बघ, गेली की नाही भीती?"

ती मान हलवत म्हणाली, "ते मला नापास करू शकत नाय ना, काका."

*

परीक्षेचा दिवस. निम्मी बॅच पहाटे ओझरच्या गणपतीला जाऊन कपाळाला गंध लावून आलेली. बाहेरचे परीक्षक आले. उंच, शिडशिडीत, फारसं न बोलणारे. असल्या माणसाची मला जास्त धास्ती वाटते. मनीषानं चिठ्ठी उचलली. लंबक!

सगळ्यांत सोपा प्रयोग. वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं. खुबी एवढीच, की घड्याळ सुरू करताना 'शून्य' म्हणायचं. तिथंच 'एक' म्हटलं तर 'वीस' म्हणेपर्यंत एकोणीसच झोके झालेले असतात, वेळ कमी भरतो आणि 'जी' दहाच्या वर जातो. महिनाभर मी तिच्याकडून 'शून्य' घोकून घेतलं होतं.

तिनं गोळा सोडला. दोन-चार झोके जाऊ दिले. परीक्षक तिच्याकडं निघाले. तिनं ते पाहिलं. गोळा मधोमध आला, घड्याळाचं बटण दाबलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "लाभ!"

आमच्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. म्हणजे लाभ म्हणजे एकच! भ्यायली आणि घरचं तोंडात आलं. निखिल दुकानातला, त्यालाही कळलं. त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. परीक्षा चालू असताना मला तोंड उघडता येत नव्हतं.

परीक्षक तिच्याशेजारी थांबले. "काय म्हणालात?"

"तीन."

"मी विचारतोय, सुरुवातीला काय म्हणालात?"

"चार... पाच..."

तिचा हात थरथरायला लागला. दारातनं मला स्पष्ट दिसत होतं. घड्याळाची साखळी हलत होती. पण तोंड थांबलं नाही.

परीक्षकांचा आवाज चढला. "ऐकू येतंय का तुम्हाला?"

"अकरा... बारा..."

सगळ्यांचे प्रयोग थांबले होते. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. मी मनात म्हणत होतो, पोरी, काहीतरी बोल, नाहीतर हा उद्धटपणाचे मार्क कापेल.

"अठरा... एकोणीस... वीस..."

अंगठा बटणावर होता. दाबला नाही.

"वीस झाले!" परीक्षक म्हणाले.

"एकवीस!" टक्.

तिनं श्वास सोडला. मग म्हणाली, "सर, लाभ धरून मोजलं, म्हणून वीस झोक्यांना एकवीस म्हणावं लागतं."

"मी तीनदा विचारलं. उत्तर का नाही दिलं?"

"धान्याची रास मोजताना बोलत नसत्यात, सर. माप चुकतं."

परीक्षकांनी तिच्या थरथरत्या हातातलं घड्याळ घेतलं आणि पाहिलं. चाळीस पॉइंट दोन. शेजारच्या टेबलावर त्यांनी स्वतः गणित मांडलं. उत्तर ९.७७ आलं. त्यांनी यादी काढली, तिच्या नावापुढं मार्क लिहिले, सही केली. मॅडमनी मान उंच करून आकडा वाचला आणि माझ्याकडं बघून डोळे पुसले.

परीक्षक मात्र हलले नाहीत. "अजून एक रीडिंग."

मनीषा घाबरली. "सर, मार्क तर दिले ना?"

"मार्कांसाठी नाही. गोळा तुम्ही सोडा."

तिनं गोळा सोडला. त्या उंच माणसानं पेन खिशात ठेवलं, घड्याळ धरलं, आख्ख्या लॅबसमोर गोळा मधोमध यायची वाट पाहिली आणि म्हणाला, "लाभ!"