अण्णांची सकाळची ओळ

महिना झाला, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी जिवंत असल्याची खूण नाही.

शैलावहिनी, गुडघ्याची सूज उतरली का?

खाजाभाई, शुगर तपासली? का नुसतंच "सब ठीक है"?

पद्माक्का, डोळ्याच्या ऑपरेशननंतर थेंब वेळेवर पडतायत ना? तुम्ही एकट्या, घालतं कोण?

तिकडं कुणी बोलत नाही, म्हणून इथं फेसबुकवर सगळ्यांसमोर लिहिते.

आज अण्णांना जाऊन महिना झाला.

बाकीच्यांना सांगते. अण्णा आमच्या गल्लीतले. मूळ अक्कलकोटकडचे, घरात कानडी. सगळी नोकरी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, स्टोअरकीपर म्हणून. रॅकवरच्या चिठ्ठ्या लिहून लिहून इंग्रजी शिकले. मी शिलाई मशीनवर बसून, रद्दीतले पेपर वाचून शिकलेली. आमचं दोघांचं कॉलेज हेच.

मुलं पुण्याला, बेंगळुरूला. आम्ही चौघं आणि अण्णा, आपापल्या घरात एकटे. अण्णांनी आम्हाला इंग्रजी शिकवायला घेतलं. मला म्हणायचे,

"वस्तू कुटं हाय ते सांगता आलं की निम्मं इंग्रजी आलं, अक्का."

इन, ऑन, ॲट. एवढ्यावर सहा महिने घासलं आम्हाला.

मी विचारलं, "बसला ऑन आणि रिक्षाला इन, असं का हो?"

"बसमदी उभं ऱ्हाता येतंय न्हवं? तितं ऑन. रिक्षात अंग चोरून बसावं लागतंय, तितं इन."

खाजाभाईंनी जन्मभर रिक्षा चालवलेली. म्हणाले, "और मेरे रिक्षे में लटक के जाते, उनका क्या?"

"ते पोलिसाला विचार की!"

मग रोजचा गृहपाठ. सकाळी आठच्या आत प्रत्येकानं एक ओळ टाकायची, आपण आत्ता कुठं आहोत. इंग्रजी ओळ, देवनागरीत लिहिली तरी चालेल.

आय ॲम इन द किचन.

आय ॲम ॲट द डेअरी.

बरोबर असेल तर बाकीच्यांनी टाळ्या पाठवायच्या.

त्या दिवशी अण्णांची ओळ आली.

आय ॲम ऑन द फ्लोअर.

पहिल्या टाळ्या माझ्या. मग खाजाभाई, "हंड्रेड मार्क!" शैलावहिनींचं फूल, पद्माक्कांचा अंगठा.

अर्ध्या तासानं मी भाकरी थापायला घेतल्या. दुसरी तव्यावर टाकली आणि फोन उघडून ती ओळ पुन्हा वाचली.

अण्णांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. खाली बसायला डॉक्टरांची मनाई. पूजासुद्धा खुर्चीवर बसून करायचे.

मग हा माणूस जमिनीवर कसा?

फोन लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा उचलला. आवाज अगदी बारीक.

"अक्का, घसरलो. दार आतनं लावलंय. मागची खिडकी उगडी हाय. गॅसवर दूध हाय, आदी ते बंद करा."

खाजाभाई खिडकीतून आत उतरले. फ्रीज आणि भिंतीच्या मधे अण्णा. खुब्याचं हाड मोडलेलं, डोक्याला मार.

दवाखान्यात मी रागावलेच. "साधं मराठीत 'पडलो' लिहायचं ना!"

"समदी घाबरला असता की." मग म्हणाले, "आन एवढ्या टाळ्या आल्यावर पडलोय म्हणून कसं सांगू?"

हसत होते हो.

तिसऱ्या दिवशी गेले.

मी डॉक्टरांना विचारलं, "अर्धा तास आधी आणलं असतं तर?"

"सांगता येत नाही, मावशी."

हे "सांगता येत नाही" मला महिनाभर घास गिळू देत नाही.

तुम्ही तिघंही म्हणूनच लिहीत नाही, मला कळतं. पण पहिल्या टाळ्या माझ्या होत्या. ते माझ्याकडेच राहू द्या.

सकाळी सात ते आठ मी फोन हातात धरून बसते. चहा गार होतो.

काल खाजाभाईंच्या दाराशी दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच. दार वाजवायला गेले, पण आधी दाराला कान लावला. आतून खोकल्याचा आवाज आला तेव्हा जीव भांड्यात पडला. तशीच मागं फिरले.

असं दाराला कान लावत किती दिवस काढायचे?

इंग्रजी राहू द्या. मराठीत लिहा, पद्माक्का, तुम्ही तुमच्या तेलुगूत लिहा, नुसतं एक टिंब टाका. मी टाळ्या पाठवणार नाही. फोन करीन.

अण्णा, तुमच्या पायावर डोकं ठेवते. चुकलं माझं.

आणि तुम्ही तिघं, उद्या आठच्या आत लिहा.

आजच लिहिलंत तर मला रात्री झोप लागेल.