माहेरची वही

माझी आत्या देवळ्याला दिलेली. ती दोन वर्षांची असताना तिची आई वारली, असे घरात सगळे सांगत. येवल्याजवळच्या आमच्या गावी आजोबांनी दुसरे लग्न केले. माझे वडील त्या दुसऱ्या आजीचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका लग्नात नामपूरची एक म्हातारी आत्याकडे बघून म्हणाली, “तुनं नाक तुनी मायसारखंच शे.” नामपूर हे त्या वारलेल्या आईचे माहेर. तुझी आई आणि मी कांदे काढायला बरोबर जायचो, असेही म्हातारीने सांगितले. पण ही म्हातारी सून होऊन नामपुरात आली तेव्हा आत्या दहा वर्षांची होती. वर्षे जुळत नव्हती.

आई मेली की टाकली, एवढेच आत्याला हवे होते. मी नाशिकला बातमीदार होतो. ती म्हणाली, “जगाच्या भानगडी छापतो ना? घरातली एक काढून दाखव.”

तहसीलच्या दफ्तरखान्यात त्या वर्षांतली तिच्या मृत्यूची नोंद मिळाली नाही. मग मी पंचवटीत आमच्या गावच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, अस्थी घेऊन येणारा माणूस त्यांच्या वहीत स्वतःच्या हाताने घरातली नावे लिहितो. वह्या गाववार आणि आडनाववार लावलेल्या असतात. आजोबांच्या अक्षरातले पान सापडले, पणजीच्या अस्थी आणल्या तेव्हाचे. पहिल्या बायकोच्या अस्थींची नोंद कुठेच नव्हती. तसे मी कळवले. आत्याला पटले नाही. पुढच्या आठवड्यात ती स्वतः आली.

“कोणाची सून?” उपाध्यायांनी पुन्हा विचारले. मी सांगितले.

“ते तुम्ही मागेच बघून गेलात. मुलगी कोणाची?”

ते मी कधी विचारलेच नव्हते. आत्याने नामपूरचे आडनाव सांगितले.

“अहो, मग सासरच्या वहीत काय शोधताय? माहेरच्यांनी आणल्या असतील. नामपूर आमच्याकडे नाही, दोन घरं सोडून विचारा.” मग आत्याकडे वळून म्हणाले, “पेपरात काम करतात ना हे?”

दोन घरे सोडून अर्ध्या तासात ते पान निघाले. अक्षर आत्याच्या मामाचे. बहिणीच्या अस्थी घेऊन आलो, तिथी, साल. खाली एक ओळ : बहिणीची मुलगी एक, देवळ्यास दिली.

“तेव्हा माझी थोरली शाळेत जात होती,” आत्या म्हणाली. देवळ्याहून नामपूर एसटीने दोन तासांच्या आत.

आई माहेरी का गेली, हे मी विचारले. “वहीत कोण गेलं आणि कोणी आणलं एवढंच,” इथले उपाध्याय म्हणाले. “का, ते माणसांना विचारायचं.”

आत्याचा प्रश्न वेगळाच होता. “त्या साली दादा होते ना रे?” दादा म्हणजे माझे आजोबा. ते त्यानंतर चार वर्षांनी गेले. नवऱ्याआधी गेलेल्या बाईची तिथी पितृपक्षात नवमीला धरतात. लग्न झाल्यापासून आत्या त्या दिवशी आईच्या नावाने सवाष्ण जेवू घाली.

“म्हणजे नवमी चुकली नाही माझी,” ती म्हणाली. “लवकर धरली फक्त. ती तिकडं जेवत होती, अन् मी इकडं तिच्या नावानं सवाष्ण बसवत होते.”

तिने तिथी कागदावर लिहून घेतली, कागद कमरेच्या पिशवीत ठेवला आणि मला विचारले, “नामपूरची गाडी किती वाजता?”