बिनशिक्क्याचं पदक

आमच्या ह्यांना पराक्रम दिसत नाही, शिक्का दिसतो. हे मी रागानं म्हणत नाही. म्हणजे रागानंच म्हणते, पण खरं आहे म्हणून म्हणते.

हे म्हणजे विरूपाक्ष पट्टणशेट्टी. मूळचे गडहिंग्लजचे, आता उचगावात घर बांधून राहिलेले. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर तेहतीस वर्षं काढली. तेवढ्या काळात माणसं रडत आली, भांडत आली, पाया पडत आली, आणि ह्यांनी प्रत्येकाला एकच विचारलं, "गोल शिक्का कुठाय?" एकदा एक म्हातारा स्वतःच्या हयातीचा दाखला घेऊन आला. शिक्का पुसट होता. ह्यांनी परत पाठवला. "अहो साहेब, मी समोर उभा हाय की," तो म्हणाला. "ते कागदावर दिसत नाही," हे म्हणाले. घरी येऊन ही गोष्ट मला कौतुकानं सांगितली. त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडलं, ते चुकून नव्हतं.

निवृत्त झाल्यावर वाटलं, सुटलो. कसलं काय. आमची अवंतिका अमेरिकेत असते. तिच्याकडं तीन महिने राहायला गेलो. तिथं रविवारी मैदानात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आपल्या आठवडी बाजारासारखाच, फक्त कुणी ओरडत नाही. तिथं लोक आजोबांची लढाईतली पदकंसुद्धा विकायला मांडतात. ह्यांनी एक उचललं आणि पुढून बघायच्या आधीच उलटं केलं. मागं, पिनेजवळ, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं एक अक्षर आणि दोन आकडे. ज्या कारखान्यानं ते पाडलं, त्याची ती खूण. ह्यांचा चेहरा असा उजळला की आमच्या लग्नातसुद्धा एवढा उजळला नव्हता.

"निर्मला," हे म्हणाले, "पदकालापण शिक्का असतो गं."

झालं. सहा वर्षांत एक्केचाळीस अमेरिकन पदकं जमली. सराफांच्या गुजरीतून सोनाराचं भिंग आणलं. आवक-जावकसारखी मोठी वही घातली. कुठली खूण कुठल्या कारखान्याची, कुठल्या काळात पिनेचा आकार कसा, रिबिनीची वीण कशी, सगळं त्यात. चौथ्या पानावर ह्यांनीच स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की ही अक्षर-आकड्यांची पद्धत साठ सालानंतरची, दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच पदकांवर बनवणाऱ्याची खूण नसायचीच. ते चौथं पान तुम्ही लक्षात ठेवा. ह्यांनी ठेवलं नाही.

गॅसवाला आला, दाखव पदक. मीटर बघायला माणूस आला, दाखव पदक. गल्लीत ह्यांना कर्नल म्हणायला लागले. जन्मात बंदूक सोडाच, गलोलसुद्धा कधी हातात धरली नाही. आणि ह्या सगळ्या पसाऱ्याचा मुकुटमणी म्हणजे एक चांदणी. सोनेरी, पाच टोकांची, मधे पानांची माळ, माळेत आणखी एक इवलीशी चांदणी. अमेरिकेत रणांगणावर शौर्य गाजवणाऱ्याला देतात म्हणे. बेंगळुरूच्या एका विक्रेत्याकडून इंटरनेटवर मागवली. त्या वर्षी आमच्याकडं नवा फ्रीज येणार होता, तो आला नाही. चांदणीच्या पाठीवरच्या खुणेतून एक बारीक वाकडी रेघ गेलेली. "ही साच्याला गेलेली भेग," हे सगळ्यांना सांगत. "जगात अशी दुसरी सापडायची नाही." फ्रेम करून दिवाणखान्यात टांगली. खाली चिठ्ठी, मूळ, निःसंशय.

कीर्ती अशी पसरते की पसरू नये तिथंपण जाते. गेल्या दिवाळीनंतर कागलकडच्या एका खेड्यातून एक म्हातारी यष्टीनं आली. चिमणाबाई नाव, वय ऐंशीच्या पुढं, पाठीत वाकलेली, पण आवाज असा की शेजारची खिडकी उघडली. गावात महायुद्धात लढलेल्या सैनिकांच्या नावांचा दगड बसवणार होते. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. तिच्या वडलांचं, ज्ञानू सखाराम पोवारांचं नाव यादीत नव्हतं. कागदपत्रं एकोणीसच्या महापुरात गेली. ही एकुलती एक, वडलांच्या मागं नाव सांगणारी दुसरी कोण नाही. ग्रामसेवक म्हणाला, पुरावा आणा, नाहीतर तज्ज्ञाचा दाखला आणा.

तिनं कमरेची पिशवी सोडली, फडकं उलगडलं. आत ब्राँझची एक चांदणी. एवढी झिजलेली की कडा गोल झालेल्या.

"इटलीत डोंगरावरनं अमेरिकन सायबाला आबानं पाठीवर घालून खाली आणलं. गोळ्या चालू हुत्या. म्हणून त्येनं दिलं," ती म्हणाली. "आबा कवा मिरवला न्हाय. आमी दर खंडेनवमीला तलवारीशेजारी पुजतोय."

ह्यांनी भिंग लावलं. उलटं केलं, अर्थातच. बराच वेळ बघितलं. मी चहा ठेवला, तोपर्यंत बघितलं.

"मागं खूण नाही," हे म्हणाले.

"असंल की. घासून गेली असंल. चिंच आन् राखंनं घासतोय न्हवं, ऐंशी वर्सं."

"घासून गेली असंच सगळे म्हणतात, मावशी."

आणि एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं, निर्मात्याची खूण आढळत नसल्याने सदर पदक अस्सल असल्याचे सिद्ध होत नाही. खाली झोकदार सही. म्हातारीला वाचता येत नव्हतं. ह्यांनी वाचून दाखवलं, तेसुद्धा शांतपणे, आवाज न चढवता. मला तोच शांतपणा सहन झाला नाही.

चिमणाबाई म्हणाली, "मग एवढी वर्सं मी हळदकुकू कुणाला लावलं, ते तरी सांगा."

ह्यांच्या वहीत तसला रकाना नव्हता. चहा न घेताच ती गेली. ग्रामसेवकानं तो कागद लगेच फायलीला लावला आणि नाव कायमचं वगळलं, असं नंतर कळलं. मी आठ दिवस ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले, आणि काम कमी काढलं.

देव असतो हो कुठंतरी, पण त्याची वेळ वेगळी असते. नवव्या दिवशी बसवेश आला. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्याचा छोटा कारखाना, ढाली, चषक, बिल्ले, सगळं पाडून देतो. ज्येष्ठ नागरिक संघ ह्यांचा 'पदकतज्ज्ञ' म्हणून सत्कार करणार होता, त्या सन्मानचिन्हावर नाव कसं लिहायचं ते विचारायला आला. पाणी पिता पिता त्याची नजर भिंतीवर गेली. तांब्या हातात तसाच राहिला.

"काका, हे तर माझं की."

"काय तुझं?"

"ही चांदणी. चार वर्सांमागं मुंबईच्या एका शूटिंगवाल्यांनी बारा करून घेतलेल्या. त्यात गोरा कर्नल हुता न्हवं. फोटो पाठवलेला, पुढचा, मागचा. हुबेहूब काढून दिल्या. शूटिंग झाल्यावर त्येंनी भंगारात काढल्या असतील."

ह्यांचा रंग उतरला, पण तेहतीस वर्षांची सवय इतक्यात जाते होय? फ्रेम खाली काढली, भिंग बसवेशच्या हातात दिलं. "मागं बघ. ही साच्यातली भेग. ही तुझ्याकडं कशी असेल?"

बसवेशनं भिंगातून बघितलं आणि हसला. वाईट नाही हसला, आपली जुनी वही सापडल्यावर माणूस हसतो तसा. "ती भेग न्हाय, काका. फोटोवर कुणाचातरी केस पडलेला. मला वाटलं मूळ मालातच तसं हाय. ऑर्डर म्हंजे ऑर्डर. केसासकट कोरला. बाराच्या बारावर हाय."

मी स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात कोंबून हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण मला ती फडक्यातली चांदणी आठवली. चिंचेनं घासून घासून म्हातारीनं नितळ केलेली. जिच्यावर सगळं शाबूत होतं ती उचगावची निघाली, आणि जिच्यावर काहीच उरलं नव्हतं तिला ह्यांनी दारातून परत पाठवलं.

हे दोन दिवस वहीत डोकं घालून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन माझ्यापुढं आले, चौथं पान उघडलं आणि बोट ठेवलं. मी वाचलं. "हे तुमचंच अक्षर," मी म्हणाले. "तेव्हा बघता आलं नाही?"

"शिक्का नसलेली वस्तू खरी असू शकते, हे मी लिहिलं खरं," हे म्हणाले, "पण माझा विश्वास नव्हता गं."

लग्नाला चाळीस वर्षं झाली. ह्या माणसानं चूक कबूल केलेली मी पहिल्यांदा ऐकली. मग मीही फार ताणलं नाही. "ती खोटी चांदणी खिशात घाला," म्हणाले. "चला म्हातारीकडं. तुम्ही कसे फसलात ते तिला तुमच्याच तोंडानं सांगा."

चिमणाबाईनं आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही. ह्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, केसासकट. मग तिचं पदक मागून घेतलं, पिनेचा आकार बघितला, तो युद्धकाळचाच निघाला. पाठीवर तिरपा उजेड पाडला तर हातानं कोरलेली दोन-तीन अक्षरंसुद्धा दिसली, इंग्रजीत, पोवारमधली. त्या दिवशी भिंग होतं, उजेड होता, ह्यांनी फक्त खूण शोधली. "मावशी, माझं चुकलं," म्हणाले. ती म्हणाली, "मला काय सांगताय. पंचायतीत सांगा."

पंचायतीत ह्यांनी नवा दाखला लिहिला. सदर पदक अस्सल आहे. ग्रामसेवकानं कागद हातात घेतला, वर बघितलं, खाली बघितलं, मागं उलटून बघितलं.

"शिक्का कुठाय?" तो म्हणाला.

मी ह्यांच्याकडं बघितलं नाही. बघवलं नसतं.

"मागच्या कागदावर तरी कुठं होता?" हे म्हणाले.

"तो नकार हुता, साहेब. नकाराला शिक्का लागत न्हाय, होकाराला लागतोय. तुम्ही कचेरीतलेच न्हवं? तुम्हाला काय सांगायचं."

चिमणाबाई भिंतीला टेकून उभी होती. दगडावर नावं कोरणारा उद्या येणार होता.

ह्यांनी खिशात हात घातला. बसवेशची चांदणी काढली. टेबलावरचं शिक्क्याचं पॅड ओढलं, चांदणी त्यावर दाबली आणि आपल्या सहीशेजारी धप्पकन उठवली. तेहतीस वर्षांचा हात तो, जरासुद्धा हलला नाही. कागदावर निळी चांदणी, मधे पानांची माळ, माळेत इवलीशी चांदणी.

ग्रामसेवक वाकून बघायला लागला. "हा कुठला?"

"अमेरिकन," आमचे हे म्हणाले. आयुष्यातला पहिला खोटा शिक्का, आणि पहिला खरा दाखला.

"मग आदी सांगायचं की," ग्रामसेवक म्हणाला, आणि शेजारी आपला गोल शिक्का मारला.

बाहेर आल्यावर चिमणाबाई माझ्या कानाशी म्हणाली, "मालकांचा हात लई सराईत हाय वो."

घरी येऊन ह्यांनी चांदणी परत फ्रेममधे लावली. शाई पुसू दिली नाही. खालची जुनी चिठ्ठी काढून नवी लावली, निर्माता बसवेश, उचगाव. एक्केचाळीस पदकांत एवढ्या एकाच्या निर्मात्याबद्दल आता त्यांना खात्री आहे.

सव्वीस जानेवारीला आम्ही गेलो. ज्ञानू सखाराम पोवार, खालून तिसरं नाव, अक्षरं चांगली खोल. चिमणाबाईनं एकेका अक्षरावरनं बोट फिरवलं, कुंकू लावलं, आणि मग पिशवीतून चिंचेचा गोळा काढून दगड घासायला घेतला.

ह्यांना राहवलं नाही. "मावशी, नका घासू. अक्षरं झिजतील."

"झिजूंद्यात की," ती घासता घासता म्हणाली. "तुमी हायसा न्हवं लिवून द्यायला."