पालखी हायवेवर टेकली ती दुपार

माझी शाळा सातवीतच सुटली, म्हणून लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या. मी नांदेडकडचा. रत्नागिरी तालुक्यात हायवेला लागून एक वाडी आहे, तिथे आबांच्या पंक्चरच्या दुकानात कामाला आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

देव अंगात येणं, भूत दिसणं... असलं काही कोणी सांगितलं की मी हसायचो. ट्यूब पाण्यात बुडवली की भोक सापडतंच, एवढं साधं माझं डोकं.

रस्त्याच्या एका बाजूला दुकान, दुसऱ्या बाजूला आबांचं घर. माझी ना ओळख ना पाळख, तरी काकींनी – आबांच्या बायकोने – पहिल्या दिवसापासून माझा डबा केला. रोज दुपारी त्या डबा घेऊन रस्ता ओलांडायच्या. रस्ता रुंद झाल्यापासून उतारावरून गाड्या सुसाट येतात. दिवाळीच्या आधी एका गाडीने त्यांना उडवलं. गाडी थांबलीही नाही.

पहिला मीच धावलो. काकी पलीकडच्या लेनमध्ये पडल्या होत्या, आणि गाड्या आम्हाला वळसा घालून जात होत्या... एकही थांबेना. मी त्यांना उचलून कडेला, किलोमीटरच्या दगडापाशी आणलं. माणसं जमली तोवर त्या गेल्या होत्या. त्यामुळे सगळ्यांना वाटतं त्या दगडापाशीच पडल्या. फुलंही तिथेच वाहतात. खरी जागा मला एकट्याला माहीत. आबांना सांगायला जीभ रेटली नाही.

मग शिमगा आला. इकडे देवीची पालखी खूण काढते. म्हणजे एक मानकरी शेतात कुठेतरी नारळ पुरतो, जागा फक्त त्यालाच ठाऊक. पालखी खांद्यावर नाचत जाते आणि तो शोधते, तिथे दांडी टेकते.

मी म्हणालो, "आबा, धरणारेच ओढत असतील."

"तुला डोळ्यापुढचा दहाचा पाना दिसत नाय, नि देवीला शिकवतोस काय रे?" आबा म्हणाले. काकी गेल्यावर पहिल्यांदाच जरा हसले. "जा, आंघोळ कर नि खांदा दे. मंग बोल."

मी मागच्या दांडीला डावीकडे होतो. ढोल वाजत होते, पालखी शेतात फिरत होती. फणसापाशी आली आणि एकदम वळली... रस्त्याच्या दिशेने! वजन असं वाढलं की खांदा निखळेल. मी टाचा रोवल्या. "अहो, रस्ता आहे! थांबवा!" पुढचे ओरडले, "आमच्या हातात नाय!"

बांध चढून पालखी सरळ हायवेवर. ब्रेकचे आवाज, हॉर्न, एक ट्रक दोन हातांवर येऊन थांबला. पालखी पलीकडच्या लेनमध्ये गेली आणि दांडी डांबरावर टेकली. एकदा... दोनदा... तीनदा.

मी खाली पाहिलं. तीच जागा.

मानकरी धावत आला. "आये, हितं नाय गो! खूण फणसाखाली हाय!" पालखी उचलेना. ढोल बंद पडले.

आबा माझ्याजवळ आले. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असावं. हळूच विचारलं, "काय हाय हितं?"

"काकी इथे होत्या, आबा. दगडापाशी मी नेलं."

ते तिथेच डांबरावर बसले. हात टेकवून बघितला, उन्हाने तापलेल्या रस्त्यावर. मग उठून हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "आये, ह्या रस्त्यानं माझी बायको नेली..."

"व्हय म्हाराजा!"

मग कोणीतरी आपल्या भावाचं नाव घेतलं. कोणी शाळेतल्या मास्तरांचं. एक म्हातारी पुढे येऊन नातवाचं नाव बोलली. प्रत्येक नावाला सगळे म्हणत होते, "व्हय म्हाराजा!" ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला होता, तोही.

"रोज पलीकडं जाणारी पोरं सांभाळ गो आये," आबा म्हणाले. आणि पालखी हलकी झाली. आम्ही ती फुलासारखी उचलली.

मित्र म्हणतात, जागा तुलाच माहीत होती, तूच ओढलीस. मीही रात्रंदिवस हाच विचार करतो. पण मागच्या माणसाला पुढचं काही दिसत नाही, आणि मी तर मागे खेचत होतो. मग कोणी नेली? मला खरंच माहीत नाही. मीच नेली असेल तर तसं म्हणा, मला दोष द्या... पण तिथे गाड्यांचा वेग कमी होईल असं काहीतरी करा हो! अर्ज देऊन झाले, सह्या झाल्या. हायवेचे साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, हायवेवर गतिरोधक बसत नाही. मग माणसांनी ओलांडायचं कुठून?

आबांची नात मनू चौथीत आहे. शाळेची एसटी घरासमोर नाही, दुकानाच्या बाजूला थांबते. सकाळ-संध्याकाळ मी लाल फडकं घेऊन रस्त्यात उभा राहतो. काही थांबतात, काही शिव्या घालून जातात. गावाकडून आई फोन करते, बहिणीचं लग्न ठरतंय, कधी येतोस? मी काहीतरी कारण सांगतो. मी गेलो तर फडकं कोण धरणार?

आता एसटीची वेळ झाली. मनू पलीकडून हात करतेय. तिला सांगितलंय, मी येईपर्यंत हलायचं नाही.