गच्चीवरच्या सिस्टर

ओल्या कचऱ्याचा डबा समोर आला की आत्या त्या घराची तब्येत सांगायची. डाळिंबाची सालं रोज दिसायला लागली, तर घरात कोणाचं तरी रक्त कमी आहे. चहाचा चोथा वाढला, तर परीक्षा आहे, नाही तर भांडण. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरातून नुसती कांद्याची सालं आणि अंड्यांची टरफलं येतात म्हणून ती एकदा वरण-भात घेऊन खाली गेली. परत येऊन म्हणाली, "पोरगी एकटी राहते रे. जेवलीस का म्हणून कोणी विचारणारं नाही." आत्या नर्स होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी कळव्याच्या चाळीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. ठाकुर्लीला आमच्याकडे राहायला आल्यावर आमची बिल्डिंगही लवकरच तसंच म्हणायला लागली.

तिला मीच आणलं होतं. गुडघ्यांमुळे तिला चाळीत पाणी भरणं जमत नव्हतं. तरी तिला राहतं घर सोडायला लावलं ही टोचणी माझ्या मनातून जाईना. उशी बरी आहे ना, पंखा लागतो का, असं मी उठता-बसता विचारायचो. आत्याला त्याचा वैताग यायचा. "तू जन्मलास तेव्हा मीच तुला पहिल्यांदा हातात घेतलं," ती म्हणायची. "सगळी पोरं रडतात. तू बहुतेक सॉरी म्हणालास."

फेब्रुवारी संपता संपता तिने जाहीर केलं की गच्चीवर भाजी लावायची, आणि तीही औषधं न मारता. ऊन वाढायला लागलं होतं, म्हणून जून येऊ दे, मग लावू, असं मी सुचवलं. "पावसात काय, बाथरूमच्या पाइपवरही उगवतं," ती म्हणाली. "त्यात माझं काय?" येत्या बुद्धपौर्णिमेला खिरीबरोबर घरची भेंडी पानात पडली पाहिजे, एवढं तिने ठरवून टाकलं. मी भाजीवाल्याकडून जुने क्रेट आणले, शीळफाट्याकडच्या एका गोठ्यातून शेणखत आणलं. खाली सुका पाला, मध्ये ओला कचरा, वर माती, असे थर तिने स्वतः स्टुलावर बसून भरले. भेंडी आणि चवळी लावली. वांगी-मिरचीची रोपं दुधाच्या पिशव्यांत वाढवली. मार्चचं ऊन चटके द्यायला लागलं, तेव्हा नोकरीतल्या जुन्या पांढऱ्या साड्या क्रेटवर ताणून बांधल्या. लांबून वाटायचं, गच्चीवर एखादा वॉर्डच भरलाय.

आमच्या एका घराचा कचरा इतक्या क्रेटना पुरेना. मग आत्या सकाळी बादली घेऊन घरोघरी बेल वाजवायला लागली.

इथे मला जे वाटलं ते खरं लिहितो. मला लाज वाटली. माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, ज्यांना ती दादा म्हणायची, कल्याणला सफाई कामगार होते. लोकांच्या घरांमागच्या बोळांतून त्यांनी जन्मभर कचरा उचलला, म्हणून आत्या नर्स झाली, माझे वडील शिक्षक झाले, मी बँकेत लागलो. आणि आता आमच्याच घरातलं माणूस बादली घेऊन दारोदार. शेवटी एका संध्याकाळी मी तिला हे सगळं बोललो. भाजी बाजारातून आणू, पण हे थांबव, म्हणालो. ती लसूण सोलत होती. सोलतच राहिली. मी नेहमीप्रमाणे सॉरी म्हणून उठलो.

सकाळी ती म्हणाली, "तुझं अर्धं बरोबर आहे. आमच्या दादांना कोणी विचारत नव्हतं, उचल म्हणायचे. आजपासून मी कोणाच्या दारात जायची नाही. ज्याला भाजीत वाटा हवा, त्याने आपला कचरा निवडून स्वतः वर आणून द्यायचा."

कोणी आलंच नाही तर, असं मी विचारलं.

"तर रोपं सुकतील. सुकू देत."

तिने लिफ्टशेजारी तसा कागद लावला, आणि खरंच कोणी आलं नाही. आमचे सेक्रेटरी नेने यांनी वास येईल, स्लॅब गळेल, अशी कुरकुर केली. उरलेले क्रेट रिकामेच होते आणि पिशव्यांत अडकलेली वांग्याची रोपं पिवळी पडायला लागली होती. आत्या रोज वर जाऊन स्टुलावर बसायची, पाणी घालायची आणि खाली यायची. रोपं गेली, तर पुन्हा ती काही लावणार नाही, हे मला कळत होतं. कळव्याला परत जायचं ती बोलली असती, तर मी कुठल्या तोंडाने अडवणार होतो?

पहिली आली ती तिसऱ्या मजल्यावरची मुलगी. तिच्या डब्यात त्या दिवशी दोडक्याची सालंही होती. मग तिच्या समोरचे आले, मग खालचे. आणि एका रविवारी मी पाण्याच्या टाकीजवळ असताना नेने बादली घेऊन जिना चढून आले. लिफ्ट बंद होती, त्यामुळे चांगलेच धापा टाकत होते. आत्याने बादलीत डोकावून पाहिलं.

"नेने, दुधाची पिशवी राहिलीय आत. काढून द्या."

"हो, सिस्टर," म्हणत नेने वाकले आणि आपल्याच कचऱ्यात हात घालून त्यांनी पिशवी शोधून काढली. आत्या स्टुलावर ताठ बसून होती. मी टाकीकडे तोंड फिरवलं. त्या क्षणी गच्चीवर आजोबा असायला हवे होते.

बुद्धपौर्णिमेला भेंडी पानात पडली. ज्यांनी ज्यांनी कचरा आणला होता, त्या प्रत्येक घरी आत्याने वाटा पाठवला. कोणाला मूठभर, कोणाला चारच भेंड्या. नेन्यांनी फोन करून कोवळी होती म्हणून सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने आत्या गेली. स्वतःच्या छातीला हात लावून तिने आम्हाला आधीच सांगितलं होतं की या वेळी जमणार नाही. आता गच्ची मी बघतो. परवा नव्या भाडेकरूंपैकी एक बाई वर आल्या. मी जुन्या बनियनवर, कोपरापर्यंत मातीत. "कचरा घेणारे तुम्हीच का?" त्यांनी विचारलं.

"हो, मीच," मी म्हणालो. "सिस्टरांचा भाचा."

कोण सिस्टर, असं त्यांनी विचारलं. त्यांना स्टूल दिलं, आणि मातीचे हात तसेच ठेवून मी सांगायला लागलो.