गरम पाण्याची बादली

ग्रुपमधल्या गाडीवाल्यांनो, आजचं ऐका.

सकाळी उंद्रीत एवढी थंडी होती की पिकअप काही केल्या चालू होईना. मागे मेथी भरलेली, चिखलीचा बाजार गाठायचा, आणि गाडी नुसती कण्हत पांढरा धूर सोडत होती.

मला वाटलं बॅटरी गेली. मिस्त्री रफिकभाईंना घरीच बोलावलं. त्यांनी थंडीत इंजिन गरम करणारे हीटर प्लग काढून पाहिले.

"चारही जयलेले हायेत भाऊ. आजचे नाहीत, मागच्या हिवाळ्यातलेच दिसून राह्यले."

"जळलेले? पण तेव्हा तर एका सेल्फात चालू होत होती!" मी म्हणालो.

त्यांनी इंजिनाजवळ अडकलेला पोत्याचा तुकडा ओढून काढला. "हे कायले ठेवलं?"

दारात उभी असलेली आई म्हणाली, "तुहे बाबा पहाटे उठून पाणी तापवत. त्यात पोतं भिजवून इंजिनले लपेटत. म्हणत, पोराले झोपू दे, हंगाम संपला की सांगतो. मंग सांगायचं राहूनच गेलं."

मागच्या हिवाळ्यात माझ्या आंघोळीचं गरम पाणी रोज संपलेलं असायचं. मी बाबांवर खेकसायचो, "एकट्याले किती पाणी लागते तुम्हाले?" या दिवाळीआधी ते गेले.

नवे प्लग बसवले. गाडी पहिल्याच सेल्फात चालू झाली आणि मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडलो.

तुमची गाडी थंडीत लगेच चालू होते ना? मग घरात एकदा विचारून पाहा, कशी होते ते.